गाव कधीच सज्ञान होत नाही : सार्वजनिक जमीन, झोपलेली पालिका आणि मुदतीचा कायदा

१/
शेताच्या बांधावरून शेजाऱ्याने कुंपण आत सरकवले आणि मालक बारा वर्षे गप्प बसला, तर कायदा मालकाकडे पाठ फिरवतो. झोप मालकाची, नुकसानही मालकाचेच. हिशेब कठोर असला तरी समजण्यासारखा आहे. परंतु तेच कुंपण गावच्या मैदानावर सरकले, झोप नगरपरिषदेच्या कचेरीने काढली आणि मैदान गेले मात्र गावातल्या मुलांचे, तर या हिशेबाला न्याय म्हणावे काय? आजचा धागा या प्रश्नाचा इतिहास सांगतो, आणि तटस्थपणाचा आव न आणता सांगतो. सार्वजनिक जमिनीवर निव्वळ काळाच्या बळाने खासगी मालकी उभी राहू देणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२/
आधी संज्ञा समजून घेऊ. दुसऱ्याच्या जमिनीवर मालकासारखा ताबा ठेवून मुदत उलटवणे याला कायद्याच्या भाषेत ‘प्रतिकूल कब्जा’ म्हणतात. बोलीत ‘वहिवाटीने मालकी’. रोमन कायद्यातून आलेली जुनी कसोटी अशी की, कब्जा बळजबरीचा नसावा, चोरटा नसावा आणि परवानगीचाही नसावा. तो उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारा असावा. मुदतीत दावा लागला नाही, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मूळ मालकाचा हक्कच संपुष्टात येतो. यातली विसंगती ध्यानात घ्या : परवानगी घेऊन राहिलेला भाडेकरू पन्नास वर्षांनीही भाडेकरूच राहतो, कुणालाही न विचारता शिरलेला मात्र मालक होऊ शकतो.

३/
ही कल्पना केवळ साहेबाने आणली, असे समजू नका. आपल्या धर्मशास्त्रकारांनी तिचा बारकाईने विचार केला होता. मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याने हरकत न घेता, दुसऱ्याने भोगलेली वस्तू दहा वर्षांनी मालकाच्या हातून जाते, असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीने जमिनीसाठी ही मुदत वीस वर्षे धरली. परंतु दोन्ही ग्रंथ लगेच अपवादांची यादी देतात. गहाण वस्तू, ठेव, गावाची किंवा शेताची सीमा, अज्ञान बालकाचे धन, स्त्रियांचे धन, श्रोत्रियाचे धन आणि राजाचे धन : यांवर दुसऱ्याने कितीही वर्षे भोग घेतला तरी हक्क बुडत नाही.

४/
या यादीतले बालक आणि राजा शेजारी शेजारी का बसले आहेत? एक सर्वांत दुबळा, दुसरा सर्वांत बलाढ्य. पण दोघांत एक साम्य आहे. दोघांच्याही मालमत्तेची राखण दुसऱ्यांच्या हाती असते. बालकाचा पालक आळशी निघाला किंवा राजाचा कारभारी लाचखाऊ निघाला, तर त्याची शिक्षा मूळ धन्याला देणे योग्य नाही. ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर तर आणखी पुढे जातो. चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत बसून त्याने याज्ञवल्क्याच्या नियमाचा अर्थ असा लावला की, गप्प बसलेल्या मालकाची हानी होते ती उत्पन्नाची. जमिनीची मालकी केवळ भोगामुळे जात नाही.

५/
मराठा काळात गावची जमीन कागदापेक्षा माणसांच्या स्मरणात राहत असे. शिवेचा वाद पडला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावचे वतनदार साक्ष देत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. शिवेची खात्रीलायक माहिती महारांकडे असे आणि अशा वादांत त्यांच्या साक्षीला मोल असे. ही व्यवस्था समतेची मुळीच नव्हती. ज्यांच्या साक्षीवर गावची सीमा उभी होती, त्यांनाच गावकुसाबाहेर ठेवले होते. तरीही एक गोष्ट खरी : सामाईक जमिनीची राखण हे चारचौघांत, उघड्यावर चालणारे काम होते. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याकडे परत यावे लागेल.

६/
आज आपल्या न्यायालयांत चालणारा कायदा मात्र या परंपरेतून आलेला नाही. त्याचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडला, म्हणून काही काळ तिकडे जाऊ. इंग्लंडच्या जुन्या विधीत एक लॅटिन वचन प्रमाण मानले जाई : ‘नुल्लुम तेंपुस’, म्हणजे राजाच्या विरुद्ध काळ धावत नाही. प्रजेची जमीन मुदतीत बुडे, पण राजाची कधीच बुडत नसे. समर्थन असे दिले जाई की, राजा राज्यकारभारात गुंतलेला असतो. त्याच्या नोकरांच्या हलगर्जीपणाने सर्वांचे नुकसान होऊ नये. धर्मशास्त्राच्या यादीतला राजा तो हाच. फरक इतकाच की, अठराव्या शतकात या नियमाचा एक कुरूप चेहरा सर्वांसमोर आला.

७/
राजा तिसऱ्या विल्यमने आपल्या विश्वासू डच सरदाराला, बेंटिंकला, कंबरलंडमधील पेन्रिथची जहागीर दिली होती. त्याच्या वंशजांनी, म्हणजे पोर्टलंडच्या ड्यूकांनी, लगतचे इंगलवुडचे रानही तिचाच भाग समजून पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटले. १७६७ मध्ये त्यांचा राजकीय प्रतिस्पर्धी सर जेम्स लॉदर याने खजिन्याकडे अर्ज केला की, हे रान मूळ देणगीत नाही, सबब ते राजाचे आहे आणि मला भाडेपट्ट्याने मिळावे. लॉदर हा माजी प्रधानमंत्री लॉर्ड ब्यूट याचा जावई. १७६८ ची निवडणूक तोंडावर होती आणि त्या मुलखातली मते जमिनीच्या मागे चालत. पट्टा मिळाला. (याच तिसऱ्या ड्यूकचा मुलगा म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक.)

८/
देशभरातले जमीनदार हादरले. सत्तर वर्षांची वहिवाट सरकार एका अर्जावर उपटून काढणार असेल, तर सुरक्षित कोण? सर जॉर्ज सॅव्हिल याने संसदेत विधेयक आणले. १७६८ मध्ये ते थोडक्यात पडले, १७६९ मध्ये मंजूर झाले. त्या दिवसापासून राजाविरुद्धही काळ धावू लागला, साठ वर्षांच्या मुदतीने. हा कायदा वाईट होता असे मी म्हणणार नाही. सत्तेने मर्जीतल्या माणसासाठी जुने कागद उकरून प्रजेला बेघर करू नये, हे त्याचे मर्म आजही मोलाचे आहे. पण तो कुणासाठी झाला हेही पाहावे : एका ड्यूकचे रान वाचवण्यासाठी. त्या रानात गुरे चारणाऱ्या गरिबाचा त्या चर्चेत पत्ता नव्हता.

९/
पुढे एकोणिसाव्या शतकात खासगी जमिनीची मुदत १८३३ च्या कायद्याने वीस वर्षे ठरली आणि १८७४ मध्ये ती बारा वर्षांवर आली. याच शतकात लोकनियुक्त स्थानिक संस्था आकाराला आल्या : १८३५ च्या कायद्याने नगरांच्या, १८८८ च्या कायद्याने कौंटी कौन्सिल. रस्ते, बागा, शाळा, पुढे घरे, अशी प्रचंड सार्वजनिक मालमत्ता त्यांच्या हाती आली. येथे एक फट राहून गेली, आणि तिच्यातूनच पुढचे सारे आत शिरले. कौन्सिल म्हणजे राजा नव्हे. त्यामुळे राजाला मिळणारी लांब मुदत तिला मिळाली नाही. लोकांची बाग आणि एखाद्या सावकाराचा प्लॉट यांना कायद्याने एकाच फूटपट्टीने मोजले : बारा वर्षे.

१०/
ही फट किती रुंद होती हे बकिंगहॅमशायर कौंटी कौन्सिलच्या खटल्यात दिसले. कौन्सिलने १९५५ मध्ये भावी रस्त्यासाठी एक भूखंड घेतला. रस्त्याच्या बाजूला कुंपण घातले. शेजारच्या घराच्या बाजूला घातलेच नाही. शेजाऱ्यांनी हळूहळू त्या जागेचे गवत कापले, फुलझाडे लावली आणि ती आपल्या बागेत मिळवली. पुढच्या घरमालकाने फाटकाला साखळी आणि कुलूप लावले. १९७६ मध्ये कौन्सिलला जाग आली, म्हणजे तिने पत्र लिहिले. मग पुन्हा शांतता. दावा दाखल झाला तो १९८५ च्या ऑक्टोबरात.

११/
कौन्सिलचा युक्तिवाद होता की, जागा रस्त्यासाठी राखून ठेवली होती. तोवर ती मोकळी पडून राहणे हाच तिचा वापर. १८७९ च्या एका जुन्या निकालाचा तिला आधारही होता. परंतु १९८९ मध्ये अपील न्यायालयाने तो आधार काढून घेतला. मालकाच्या मनात पुढे काय करायचे आहे याला महत्त्व नाही. कब्जेदाराचा ताबा आणि इरादा पाहायचा. कुलूप बोलके ठरले, पत्रे मुकी ठरली. लोकांच्या पैशाने घेतलेली जमीन लोकांच्या हातून गेली. येथे पहिला धडा घ्या : मागणीचे पत्र लिहिल्याने काळ थांबत नाही. आपल्याकडेही ‘नोटीस बजावली’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पालिकांनी हे वाक्य दारावर लिहून ठेवावे.

१२/
२००१ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ कौन्सिलवर हीच पाळी आली. एका माणसाने १९८० च्या दशकात कौन्सिलच्या रिकाम्या फ्लॅटचे कुलूप तोडले, स्वतःचे लावले आणि बारा वर्षांहून अधिक काळ तेथे राहिला. अपील न्यायालयात तो जिंकला. त्या काळी हजारो कुटुंबे कौन्सिलच्या घरांसाठी प्रतीक्षायादीत होती. त्या माणसाची निकड खरी असेल. पण रांगेत उभ्या असलेल्यांची निकडही खरी होती, आणि त्यांना कुणी विचारले नाही. प्रतिकूल कब्ज्याच्या दाव्यात दोनच पक्षकार दिसतात, कब्जेदार आणि पालिका. खरा मालक, म्हणजे नागरिक, कधी हजर नसतो.

१३/
इंग्लंडने शहाणपण घेतले, पण अर्धेच. २००२ च्या जमीन नोंदणी कायद्याने नोंदणीकृत जमिनीपुरता नियम उलटा केला. कब्जेदार दहा वर्षांनी अर्ज करू शकतो. मग निबंधक मालकाला कळवतो, मालकाने मुदतीत हरकत घेतली की बहुतांश अर्ज तेथेच संपतात आणि मालकाला ताबा परत घेण्यासाठी दोन वर्षे मिळतात. म्हणजे झोपलेल्याला निदान एकदा हलवून उठवले जाते. नोंद न केलेल्या जमिनीला मात्र जुनेच बारा वर्षांचे गणित लागू राहिले. दुसरा धडा हा : आपली जमीन नोंदवून ठेवणारी संस्था वाचते, न नोंदवणारी बुडते.

१४/
आता घराकडे वळू, कारण इंगलवुडच्या रानातले साठ हे वर्षांचे माप पुढे आपल्या कायद्यात आले. मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशनने जमिनीच्या वहिवाटीसाठी तीस वर्षे मानली होती. १८५९ च्या कायद्याने खासगी जमिनीसाठी बारा वर्षे आली. १८७१ च्या कायद्याने सरकारच्या दाव्यांना साठ वर्षे दिली आणि १९०८ च्या कायद्यातही तीच राहिली. स्वतंत्र भारताने १९६३ चा कायदा केला तेव्हा सरकारची मुदत साठावरून तीसवर आणली. लोकशाहीत सरकारला राजासारखी सवलत नको, हा त्यामागचा विचार समजण्याजोगा आहे. पण त्या सवलतीबरोबर लोकांच्या जमिनीचे कवचही निम्मे झाले.

१५/
आजचा कायदा तीन पायऱ्यांवर उभा आहे. अनुच्छेद ११२ : केंद्र व राज्य सरकारच्या दाव्यांना तीस वर्षे. अनुच्छेद १११ : स्थानिक संस्थेच्या सार्वजनिक रस्त्याला तीस वर्षे. आणि स्थानिक संस्थेच्या मालकीच्या इतर जमिनीला? मैदान, बाग, बाजाराची जागा, वाचनालयाचा राखून ठेवलेला भूखंड? त्यांच्यासाठी वेगळा अनुच्छेद नाही. त्या अनुच्छेद ६५ खाली, तुमच्या आमच्या प्लॉटच्या रांगेत, बारा वर्षांत बसतात. गायरानासारखी जमीन शासनाच्या मालकीची राहिली आणि ग्रामपंचायत केवळ सांभाळणारी असेल, तर तीस वर्षे मिळतात. म्हणजे लोकांच्या जितक्या जवळची संस्था, तितके तिच्या जमिनीचे कवच पातळ.

१६/
प्रत्यक्ष कारभार त्याहून निराशाजनक असतो. अतिक्रमण विभाग नोटीस काढतो, त्याच इमारतीतला कर विभाग त्याच बांधकामाला घरपट्टी आकारतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव चढते, नळजोडणी मिळते, वीज येते. आकारणीची नोंद किंवा कराची पावती मालकीचा पुरावा नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण कब्जा किती जुना, हे दाखवायला तीच पावती कोर्टात येते. अतिक्रमणाचा पुरावा पालिका स्वतःच्या शिक्क्याने दरवर्षी तयार करून देते. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-इ ही खास अतिक्रमणांची नोंदवही आहे. ती प्रत्येक गावात प्रामाणिकपणे भरली गेली असती, तर या धाग्याची गरजच उरली नसती.

१७/
न्यायालयांनी आपल्या परीने बांध घातला आहे. शासकीय जमिनीवरील प्रतिकूल कब्ज्याचा दावा अधिक काटेकोरपणे तपासावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये राजस्थानच्या आणि २०१० मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात बजावले. २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्याचा निकाल तर प्रत्येक गावकऱ्याने वाचावा. पंजाबातल्या एका गावच्या तळ्याची जागा भरून घरे उठली होती आणि शासन पैसे घेऊन ती नियमित करायला निघाले होते. न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. अतिक्रमण जुने आहे, खर्च मोठा झाला आहे किंवा राजकीय वजन आहे, ही कारणे चालणार नाहीत असे सांगितले. त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनानेही गायरानांबाबत शासन निर्णय काढला.

१८/
पण निकाल म्हणजे कायदा बदलणे नव्हे. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रतिकूल कब्जेदाराला दावा लावण्याचाही हक्क मान्य केला. त्यापूर्वी तो केवळ बचावाची ढाल समजला जाई. आता तीच तलवारही झाली. त्याच निकालाच्या शेवटी पीठाने म्हटले की, सार्वजनिक उपयोगासाठी असलेल्या जमिनीवर असा हक्क निर्माण होऊ नये आणि मुदतीच्या कायद्यात तसे स्पष्ट करणे इष्ट आहे. २०२३ मध्ये विधी आयोगाने २८० व्या अहवालात कायदा बदलण्याची गरज नसल्याचे मत दिले. आयोगाच्या पदसिद्ध सदस्यांची भिन्न मतपत्रिका त्याला जोडलेली आहे. तलवार लोकांच्या मैदानावर रोखलेली राहिली.

१९/
आता आक्षेप. पहिला : मालकी कधीतरी पक्की व्हायला हवी, नाहीतर शंभर वर्षांपूर्वीचे वाद उकरले जातील. खासगी जमिनीबाबत हे मला मान्य आहे. तेथे साक्षीदार मरतात, कागद हरवतात, निष्पाप खरेदीदार अडकतात. पण मंजूर रेखांकनात ‘खुली जागा’ म्हणून दाखवलेला भूखंड किंवा नकाशावरचा ओढा याबाबत संदिग्धता कसली? तो सार्वजनिक आहे, हे कब्जेदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. काळाने धूसर झालेला हक्क आणि काळाच्या आडोशाने बळकावलेली जागा यांना एकच औषध देता येत नाही.

२०/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार : या नियमाने गरीब बेघर होतील. येथे दादासाहेब गायकवाड आठवा. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पिढ्यान्‌पिढ्या शिवेची साक्ष देणाऱ्यांनी पडीक जमिनीवर हक्क मागितला तो उजेडात, घोषणा देत, तुरुंगात जात. सरकार झोपी जाण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांनीही पदपथाची मालकी मागितली नव्हती. माणूस म्हणून म्हणणे ऐकून घेण्याचा आणि जगण्याचा हक्क मागितला. जगपाल सिंग निकालानेही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसाठी दार उघडे ठेवले आहे. गरिबाला जमीन देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि ते ठरावाने, पट्ट्याने, उघडपणे व्हावे. बारा वर्षे वकील लावून कागद जमवणे ज्याला परवडते, तो क्वचितच बेघर असतो.

२१/
तिसरा आक्षेप : राज्याला अमर्याद मुदत दिली की बुलडोझर मोकाट सुटतो. लॉदरचा किस्सा विसरू नये, हे मलाही मान्य आहे. म्हणून संरक्षण द्यायचे ते सरकारला नव्हे, सार्वजनिक उपयोगाला. आणि काढणे नोटीस देऊन, ऐकून घेऊन, पर्यायी निवाऱ्याचा विचार करूनच व्हावे. शिवाय नियम दोन्ही बाजूंनी सारखा हवा. हिमाचल प्रदेशात शासनाने १९६० च्या दशकात एका निरक्षर स्त्रीची जमीन रस्त्यासाठी मोबदला न देता घेतली आणि पुढे न्यायालयात स्वतःच प्रतिकूल कब्ज्याचा दावा केला! २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : कल्याणकारी राज्याला नागरिकाची जमीन अशी गिळता येणार नाही. तर मग काही नागरिकांना सर्व नागरिकांची जमीन तरी अशी का गिळता यावी?

२२/
आता मूळ मुद्दा. मुदतीच्या कायद्याचे नैतिक बळ एका गृहीतकावर उभे आहे : मालक जागा होऊ शकत होता, तरी झोपला. म्हणूनच कलम ६ अज्ञान मालकाला सवलत देते. तो सज्ञान होईपर्यंत त्याच्याविरुद्ध काळ मोजला जात नाही. सातबाऱ्यावर बालकाच्या नावाखाली ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून पालकाचे नाव येते. गावाची स्थिती नेमकी तीच आहे. गाव स्वतः दावा लावू शकत नाही, वकीलपत्रावर सही करू शकत नाही. त्याच्या वतीने पालिका करते. पण बालक अठराव्या वर्षी मोठे होऊन पालकाला जाब विचारते. गाव कधीच सज्ञान होत नाही. मग त्याच्याविरुद्ध काळ धावतोच कसा?

२३/
म्हणून मागण्या चार. एक : मुदतीच्या कायद्यात स्पष्ट तरतूद व्हावी की, सार्वजनिक उपयोगाच्या जमिनीवर प्रतिकूल कब्ज्याने हक्क निर्माण होणार नाही, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी कौन्सिलच्या जमिनींना असे संरक्षण दिलेले आहे. दोन : प्रत्येक पालिकेने आपल्या जमिनींची यादी, नकाशासह, दरवर्षी प्रसिद्ध करावी. तीन : तात्पुरता वापर द्यायचाच असेल तर लेखी परवान्याने आणि नाममात्र का होईना, भाडे घेऊन द्यावा, परवानगी आली की प्रतिकूलता संपते. चार : सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्य कलम १४ (ज-३) खाली अपात्र ठरतो, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या अतिक्रमणाचा लाभ घेणाऱ्यालाही त्यात धरले. राखण न करणाऱ्या अधिकाऱ्यालाही अशीच जबाबदारी लागू व्हावी.

२४/
शेवटचे, तुमच्यासाठी. तुम्ही बखरी वाचता, मोडी शिकता, किल्ल्यांचे नकाशे जमवता. तेच कौशल्य गावासाठी वापरा. इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास सुरू झालेल्या ब्रिटिश मोजणीपासूनचा वारसा भूमी अभिलेख कार्यालयात आहे : गाव नकाशे, टिपणे, फाळणीची पुस्तके. आपल्या गावचे मैदान, तळे, ओढा, स्मशानभूमी, पाणंद त्यांत शोधा. मिळकत पत्रिकेवर आज कुणाचे नाव आहे ते पाहा. गाव नमुना १-इ ची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा आणि जे सापडेल ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा. प्रतिकूल कब्जा वाढतो तो शांततेत. पालक झोपला असेल तर घरातल्या थोरल्या भावंडांनी जागे राहायचे असते, आणि गावाची थोरली भावंडे आता तुम्ही आहात.

धागा येथे संपतो. आपल्या गावची एखादी हरवलेली सार्वजनिक जागा जुन्या नकाशात सापडली, तर तिचा सर्व्हे क्रमांक खाली जरूर नोंदवा.